रोखून धरलेला ठोका

1974 साली न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन यांच्यापुढे एक तांत्रिक पेच उभा राहिला. डॉन डाउनिंग यांचे ‘ड्रीम वर्ल्ड’ हे गाणे त्यांना नाचणाऱ्यांसाठी लांबवायचे होते. पण गाण्याची पट्टी पुढे वर चढत होती, आणि त्या चढलेल्या पट्टीवरून सुरुवातीच्या भागाकडे उडी मारली असती तर ती कानाला बोचली असती. मोल्टन यांनी मधोमध एक जागा तयार केली. तिथून गायन, तंतुवाद्ये, पितळी वाद्ये असे सगळे काढून टाकले आणि काही वेळ नुसती तालवाद्ये वाजू दिली. स्वरच नसलेल्या त्या भागात कान आधीची पट्टी विसरला आणि गाण्याला मूळ पट्टीत परतता आले. पेच सुटला, पण त्याबरोबर त्याहून मोठे काहीतरी हाती लागले. गाण्यातून काही काढून घेतले की नाचणारा ते परत येण्याची वाट पाहू लागतो, आणि ते परत येते तेव्हा त्याचा आनंद पहिल्यापेक्षा मोठा असतो. ‘डिस्को ब्रेक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या जागेचे श्रेय मोल्टन यांना दिले जाते, आणि पुढच्या 50 वर्षांतल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची उत्कंठा बांधण्याची रीत तिच्यातूनच वाढत गेली.

त्या रीतीचे आजचे रूप आधी नीट पाहू. मिनिटाला 128 ठोके ही या संगीतातली एक नेहमीची लय. या लयीत चार ठोक्यांची बरोबर 32 आवर्तने एका मिनिटात बसतात, आणि रचनेतले बदल बहुधा आठ, सोळा किंवा बत्तीस आवर्तनांच्या शेवटी होतात. प्रत्येक ठोक्यावर पडणारा बेस ड्रम हा या संगीताचा पाया. उत्कंठा बांधायची वेळ आली की निर्माता प्रथम हा पायाच काढून घेतो. खर्जातले सूर फिल्टरने गाळून टाकतो, त्यामुळे आवाज बारीक आणि अधांतरी होतो. मग स्नेअर ड्रमचे ठोके सुरू होतात. आधी ठोक्याला एक, मग दोन, मग चार, मग आठ. सोबत वाऱ्याच्या घोंघावण्यासारखा एक आवाज खालून वर चढत जातो. शेवटच्या आवर्तनात सगळे क्षणभर थांबते, आणि पुढच्या पहिल्या ठोक्यावर बेस ड्रम आणि खर्ज एकदम परततात. आधीच्या रिकाम्या भागाला ब्रेकडाऊन, चढणीला बिल्डअप आणि परतण्याला ड्रॉप म्हणतात. निर्मितीच्या कोणत्याही शिकवणीत हे सारे सॉफ्टवेअरची युक्ती म्हणून सांगितले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. ही रीत यंत्रात जन्मली नाही, ती डान्स फ्लोअरवर जन्मली. आणि ठोका रोखून धरण्याचा अधिकार आधी पुरेसा वेळ ठोका देऊन मिळवावा लागतो, ही तिची मूळ अट आहे. ज्या काळाने ही अट पाळली त्या काळाची उत्कंठा टिकली, आणि जिथे ती विसरली गेली तिथे नुसता सांगाडा उरला.

ही अट कुठून आली ते समजण्यासाठी 1970 च्या न्यूयॉर्ककडे जावे लागते. त्या वर्षी डेव्हिड मँकुसो यांनी आपल्या राहत्या जागेत ‘द लॉफ्ट’ या नावाने नाचाच्या रात्री सुरू केल्या. साधारण त्याच सुमारास ‘सँक्च्युअरी’ क्लबात फ्रान्सिस ग्रासो एका तबकडीचा ठेका दुसरीच्या ठेक्याशी जुळवून मध्ये खंड न पडू देता संगीत चालू ठेवत होते. त्याआधीचा नाच तीन-तीन मिनिटांच्या गाण्यांत तुटलेला असे. आता तो रात्रभर अखंड चालू लागला. ठेक्याचे घडणेही याच काळातले. फिलाडेल्फियाचे ड्रमर अर्ल यंग यांनी 1973 मध्ये हॅरोल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सच्या ‘द लव्ह आय लॉस्ट’मध्ये प्रत्येक मात्रेवर बेस ड्रम आणि त्यावर उघडझाप करणारी हाय-हॅट असा जो ठेका वाजवला, तो डिस्कोचा ठेका ठरला. अखंड वेळ आणि अखंड ठोका या दोन गोष्टी एकत्र आल्यावरच तिसरी शक्य झाली : तो ठोका काढून घेणे. जे सतत मिळत नाही ते रोखून धरता येत नाही. एडी केंड्रिक्स यांचे 1972 चे ‘गर्ल यू नीड अ चेंज ऑफ माइंड’ सात मिनिटांहून मोठे आहे. त्यात वाद्ये ओसरतात आणि एकेक करून पुन्हा उभी राहतात. त्या काळच्या डीजेंनी ते डोक्यावर घेतले ते या ओसरण्या-भरण्यासाठी.

वेळेची ही भूक इतकी खरी होती की तिने तबकडीचा आकार बदलला. सात इंचांच्या तबकडीत मोठे गाणे कोंबले की खाचा बारीक होत आणि आवाज, विशेषतः खर्ज, दबून जाई. बारा इंची तबकडीवर एकच गाणे कापले तर लांबीही मिळे आणि खर्जालाही जागा मिळे. मोल्टन यांच्या कामातून ही तबकडी डीजेंपर्यंत पोचली, आणि 1976 मध्ये सॅलसोल कंपनीने डबल एक्सपोजर यांचे ‘टेन पर्सेंट’ बारा इंचांत बाजारात विक्रीला आणले. मूळचे छोटे गाणे वॉल्टर गिबन्स यांनी नऊ मिनिटांपलीकडे नेले होते. हे गिबन्स स्वतः डीजे होते, ही या इतिहासातली कळीची गोष्ट. गाण्याचा कोणता तुकडा नाचणाऱ्यांना पुन्हा पुन्हा हवा असतो आणि कोणता किती काळ रोखला तर फ्लोअर पेटते, हे ते दर रात्री डोळ्यांनी पाहत होते. स्टुडिओत त्यांनी नवे काही शोधले नाही. क्लबात हाताने केलेले काम टेपवर कायम केले.

हाताने केलेले ते काम मिक्सरवरही चालत होते. ‘द गॅलरी’ क्लबाचे निकी सियानो वाजत्या गाण्यातला खर्ज काही काळ बंद करत, नाचणाऱ्यांना नुसत्या वरच्या आवाजांवर तरंगत ठेवत आणि मग खर्ज एकदम सोडत. तिथे हाताखाली वावरलेले दोन तरुण पुढे या परंपरेचे दोन खांब झाले : लॅरी लेव्हन आणि फ्रँकी नकल्स. लेव्हन यांनी 1977 ते 1987 या काळात न्यूयॉर्कच्या ‘पॅराडाइज गराज’मध्ये रिचर्ड लाँग यांनी उभारलेल्या ध्वनियंत्रणेवर हेच तंत्र कळसाला नेले. त्या यंत्रणेत खालचे, मधले आणि वरचे सूर वेगळे करून कमी-जास्त करता येत, त्यामुळे छापलेल्या तबकडीतही डीजे स्वतःचा ब्रेकडाऊन घडवू शके. खर्जच का निवडला, याचे कारण शरीरात आहे. क्लबातल्या मोठ्या स्पीकरचा खर्ज कानाइतकाच छातीला आणि पायांखालच्या जमिनीला जाणवतो. तो गेला की अंगाचा आधार जातो, आणि परतला की अंगालाच आधी कळते. 1970 च्या दशकातच जमैकातल्या किंग्स्टनमध्ये किंग टबी वेगळ्या वाटेने याच जागी पोचले होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या या कारागिराने आपल्या मिक्सरवरच्या मोठ्या बटणाने खर्ज गाळण्याची आणि गायन मध्येच तोडून ड्रम-बेस उघडे ठेवण्याची ‘डब’ शैली घडवली, तीही रस्त्यावरच्या साउंड सिस्टिमसमोर नाचणाऱ्या गर्दीसाठी. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन शहरांत, दोन वेगळ्या संगीतांत एकच रीत उगवावी, यातून दिसते की तिचे मूळ एखाद्या उपकरणात नसून नाचणारे आणि वाजवणारे यांच्या नात्यात आहे.

नकल्स 1977 मध्ये शिकागोला गेले आणि ‘वेअरहाउस’मध्ये वाजवू लागले. दोन वर्षांनी, 12 जुलै 1979 रोजी, त्याच शहराच्या कॉमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या तबकड्या जाहीरपणे उडवून देण्यात आल्या आणि बड्या कंपन्यांनी या संगीताकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. नवी गाणी आटली, पण नाचणारे कुठे गेले नव्हते. मग नकल्स जुन्या गाण्यांचे तुकडे टेपवर लांबवत, त्यांच्याखाली ड्रम मशीनचा ठोका घालत, आणि कधी सगळे दिवे मालवून अंधारात धडधडत येणाऱ्या आगगाडीचा आवाज सोडत. वाजणे थांबलेले, काही दिसत नाही, काहीतरी प्रचंड जवळ येते आहे, आणि मग ठेका. संगीताच्या दृष्टीने ही क्लृप्ती नंतरच्या चढत्या घोंघाटाची पूर्वज मानता येईल. त्याच शहरातल्या ‘म्युझिक बॉक्स’मध्ये रॉन हार्डी यांनी फ्यूचर या गटाची ‘अॅसिड ट्रॅक्स’ ही रचना प्रथम वाजवली तेव्हा लोक फ्लोअर सोडून गेले. हार्डी यांनी ती त्याच रात्री पुन्हा पुन्हा वाजवली, आणि चौथ्यांदा तीच गर्दी बेभान झाली. 1987 मध्ये तबकडीवर आलेली ही रचना सुमारे 11 मिनिटे चालते आणि तिच्यात सांगण्याजोगी चाल नाही. रोलंड कंपनीच्या टीबी-303 यंत्राचा एक छोटा बेस तुकडा फिरत राहतो आणि फिल्टरचे बटण हळूहळू फिरवून त्याचा आवाज उघडत-मिटत नेला जातो. उत्कंठेचे एक नवे साधन इथे मिळाले : सुरांत फारसा बदल नाही, बदलतो तो सुराचा पोत, आणि तो कुठवर जाणार हे कळत नाही म्हणून कान अडकून राहतो.

इथे पहिला मोठा आक्षेप उभा राहतो. ही तर यंत्रांचीच करामत झाली. रोलंडने 1980 मध्ये टीआर-808, पुढच्या एक-दोन वर्षांत टीबी-303 आणि 1983 मध्ये टीआर-909 आणले नसते तर हे संगीत झालेच नसते. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. 1977 च्या ‘आय फील लव्ह’मध्ये जॉर्जो मोरोदर यांनी जवळजवळ सगळे आवाज मूग सिंथेसायझरवर काढले, तरी बेस ड्रम कीथ फोर्सी यांनाच वाजवावा लागला. ड्रम मशीन आल्यावर ठोका पूर्ण एकसारखा झाला, आणि जितका ठोका पक्का तितके त्याचे नसणे धारदार. पण यंत्रे पुरेशी असती तर मुंबईचे उदाहरण वेगळे घडले असते. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. त्यांच्याकडे टीआर-808 होते, टीबी-303 होते, ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर होता. म्हणजे शिकागोच्या तरुणांना पुढे अर्धवट, जुन्या बाजारातून मिळालेली सामग्री मुंबईत पाच वर्षे आधी हजर होती. आज ऐकताना ती तबकडी अॅसिड हाउसची थोरली बहीण वाटते, आणि 2010 मध्ये ती पुन्हा निघाल्यावर जगभर कौतुक झाले ते त्यामुळेच. तरीही तिच्यातला ताण रागाच्या चलनातून, स्वरांच्या वळणांतून येतो. ठेका रोखून नाचणाऱ्याला टांगून ठेवण्याची रीत तिच्यात नाही. असण्याचे कारणही नव्हते. तिच्यासमोर रात्रभर अखंड नाचणारी, थांबले तर ओरडून सांगणारी गर्दी नव्हती. एकच यंत्र दोन शहरांत दोन वेगळ्या गोष्टी बोलले, कारण ऐकणारे वेगळे होते. चरणजित सिंग यांची थोरवी यामुळे तसूभरही कमी होत नाही; उलट यंत्राने घडवलेले आणि फ्लोअरने घडवलेले यांतला फरक त्यांच्या तबकडीइतका स्वच्छ कुठेच दिसत नाही.

दुसरा आक्षेप नशेचा. 1988 च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये अॅसिड हाउसची लाट आली ती एक्स्टसीच्या गोळ्यांसोबत, म्हणून ब्रेकडाऊनमधला तो उमाळा संगीताचा नसून रसायनाचा, असे अनेकांनी म्हटले. नशेने त्या पिढीचे अनुभव रंगवले आणि काहींचे जीवही घेतले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कालक्रम या स्पष्टीकरणाच्या विरुद्ध जातो. ब्रेकची रीत 1974 पर्यंत आकाराला आली होती, बारा इंची तबकडीने ती 1976 पर्यंत पक्की केली होती, आणि किंग्स्टनच्या गर्दीपुढे ती या गोळ्यांशिवायच रुजली होती. रसायनाने आधीच असलेल्या रचनेला गिऱ्हाईक दिले, रचना दिली नाही. ब्रिटिश सरकारचाही या संगीताविषयी असाच एक गैरसमज होता. 1994 च्या फौजदारी कायद्यात रेव्ह पार्ट्यांना आवर घालताना त्यांचे संगीत पुनरावृत्त ठोक्यांच्या मालिकेवरून ओळखले गेले. कायदा करणाऱ्यांना ठोका ऐकू आला. पण हजारो लोक हात वर करून उभे राहत ते ठोका नसण्याच्या मिनिटात, आणि त्याच मिनिटात अनोळखी माणसे एका गोष्टीची वाट पाहणारा समुदाय होत. पुनरावृत्ती ही त्या मिनिटाची तयारी होती.

1990 नंतर ही रीत स्टुडिओत शिस्तबद्ध झाली, आणि त्यात जर्मनीचा वाटा मोठा. हार्डफ्लोअर या जोडीची 1992 ची ‘अॅक्सपिरियन्स 1’ फ्रँकफर्टच्या हार्टहाउस कंपनीने काढली. जवळजवळ नऊ मिनिटांच्या या रचनेत टीबी-303 चे अनेक पदर एकमेकांवर चढत जातात, स्नेअरचा कडकडाट घट्ट होत जातो आणि ठोका परततो तेव्हा तो खरोखर कमावलेला वाटतो. ट्रान्स या प्रकाराने याच सांगाड्यात मधला रिकामा भाग मोठा केला. मिनिट-मिनिट बेस ड्रम नाही, फक्त एक उघडी सुरावट. आता डीजेच्या हातावर काही सोडलेले नव्हते, चढण आणि परतणे रचनेतच लिहिलेले होते. तरी या काळातल्या रचना सात, आठ, नऊ मिनिटांच्या असत. सुरुवातीला दोनेक मिनिटे नुसता ठेका चाले, आणि शेवटीही तसाच. डीजेला जोडणीसाठी तो लागे हे खरे, पण त्याचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे होते : नाचणाऱ्याचे अंग त्या ठोक्याला इतके सरावे की तो गेल्यावरही अंगात चालू राहावा.

या शिस्तीला गोव्याने एक वेगळे परिमाण दिले. हणजुणे आणि वागातोर इथल्या किनाऱ्यांवर 1970 पासून परदेशी तरुणांच्या पौर्णिमेच्या पार्ट्या होत. 1980 च्या दशकात तिथे रॉक आणि रेगे मागे पडून इलेक्ट्रॉनिक संगीत आले. लॉराँ या फ्रेंच डीजेने कॅसेटवर गाण्यांतले गायन कापून केवळ वाद्यांचे तुकडे जोडले. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेले गोवा गिल रात्र संपल्यावरही वाजवत राहत. उष्णता आणि धुळीत तबकड्या टिकत नसत, म्हणून पुढे डॅट ही डिजिटल टेप वापरात आली. तिच्यावर लय कमी-जास्त करून दोन ठेके जुळवणे शक्य नसल्यामुळे गोवा ट्रान्सच्या रचनांना ठेका नसलेली लांब सुरुवात आणि लांब शेवट असण्याची पद्धत पडली, आणि रचना एकमेकींत विरत त्या तिथेच. त्यामुळे उत्कंठा एका रचनेपुरती न राहता सबंध रात्रीवर पसरली. अंधारातले कठोर, वेगवान संगीत पहाटेकडे उजळ आणि सुरेल होत जाई, आणि रात्रीची खरी समेवर येण्याची जागा सूर्योदय असे. कडेला स्थानिक बायका चटया पसरून, रॉकेलचे दिवे लावून चहा विकत, आणि नाचणारे त्या चटयांवर बसून पहाटेची वाट पाहत. 18 डिसेंबर 1994 रोजी पॉल ओकनफोल्ड यांनी बीबीसी रेडिओ 1 वर सादर केलेल्या ‘गोवा मिक्स’मुळे ही चाल ब्रिटनच्या घराघरांत पोचली. अर्थात त्या रात्रींनी गावकऱ्यांची झोप उडवली, कचरा मागे ठेवला, आणि त्यांची तक्रार रास्त होती. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकांना बंदी आणली ती योग्यच म्हणावी लागेल. पण सबंध रात्रीची ती चढण त्याबरोबर गेली, ही नोंद इतिहासाने ठेवायला हवी.

तिसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक आदरणीय आहे. वाट पाहायला लावणे हे संगीताचे सनातन काम. रावेल यांनी 1928 च्या ‘बोलेरो’त एकच चाल पंधरा मिनिटे चढवत नेली, आणि आपल्याकडे तबलजीची तिहाई समेवर पडेपर्यंत श्रोता श्वास धरून असतोच. मग या क्लबवाल्यांनी नवे ते काय केले? उत्कंठेची भूक जुनीच आहे, यात वाद नाही. फरक आहे तो काय रोखले जाते यात. ‘बोलेरो’त स्नेअर ड्रमचा ठेका पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत एकदाही थांबत नाही, त्याच्या आधारावर बाकीचे चढते. तबल्याच्या एकलवादनात लेहरा आवर्तन सांभाळत राहतो, म्हणून वादक कितीही दूर गेला तरी समेची जागा बाहेर कुठेतरी वाजत असते. नृत्यसंगीताच्या ब्रेकडाऊनमध्ये तो आधारच काढून घेतला जातो. त्या मिनिटात आवर्तन मोजण्याचे काम नाचणाऱ्यांच्या अंगावर येते, आणि हजार माणसांच्या अंगांनी ते बिनचूक मोजलेले असते म्हणूनच परतणारा पहिला ठोका सगळ्यांच्या पायाखाली एकाच वेळी येतो. लेहऱ्याची जागा श्रोत्यांनी घ्यावी, हे या परंपरेचे स्वतःचे योगदान आहे.

चौथा आक्षेप असा की ही युक्ती स्वस्त आहे. काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असते, मग उत्कंठा कसली? याला प्रयोगांनी उत्तर दिले आहे. 2011 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी लोकांना त्यांच्या स्वतःच्या आवडीचे, ओळखीचे संगीत ऐकवून मेंदूतील डोपामिनचा माग घेतला. अंगावर शहारा आणणाऱ्या क्षणी तर तो स्रवलाच, पण त्या क्षणाच्या आधी, वाट पाहतानाही मेंदूच्या एका वेगळ्या भागात स्रवला. ओळख असल्यामुळे उत्कंठा मेली नाही. ओळख होती म्हणूनच वाट पाहता आली. नॉर्वेच्या संशोधक राग्नहिल्ड सोलबर्ग यांनी नाचणाऱ्यांच्या हालचाली मोजल्या तेव्हा ब्रेकडाऊनमध्ये त्या कमी होतात आणि ड्रॉपवर एकदम वाढतात असे दिसले. समेची जागा ठाऊक असलेला श्रोताच मैफलीत समेवर दाद देतो. तेव्हा अपेक्षित असणे हा दोष नाही. दोष तेव्हा येतो जेव्हा अपेक्षा तयार व्हायलाच वेळ दिला जात नाही.

आणि नेमके हेच 2010 नंतर घडले. ‘ईडीएम’ या नावाने हे संगीत मोठ्या मैदानांवर आणि रेडिओवर गेले. डीजेला मिळणारा वेळ सबंध रात्रीऐवजी तास-दीड तासाचा झाला. मार्टिन गॅरिक्स यांनी वयाच्या 17 व्या वर्षी केलेले 2013 चे ‘अॅनिमल्स’ रेडिओसाठी तीनेक मिनिटांत बसवले गेले. त्यातही चढण आणि ड्रॉप दोनदा येतात. त्याच वर्षी बावर यांच्या ‘हार्लेम शेक’वर लोकांनी जगभर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती केल्या : 15 सेकंद एक माणूस नाचतो, ड्रॉपनंतर 15 सेकंद सगळे नाचतात. फेब्रुवारी 2013 मध्ये बिलबोर्डने आपल्या यादीत यूट्यूबची मोजणी धरायला सुरुवात केली आणि हे गाणे थेट पहिल्या क्रमांकावर आले. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकले गेले की एक वादन मोजले जाते, म्हणून रचनेला आपले सर्वस्व लवकर दाखवावे लागते. या अर्थकारणात ब्रेकडाऊन आहे, स्नेअरचा कडकडाट आहे, शांततेचा क्षण आहे, ड्रॉपही आहे. नाही तो त्यांच्याआधीचा वेळ. काढून घ्यायला काही दिलेलेच नसते, म्हणून चढण अधिकाधिक कर्कश करून ती उणीव भरावी लागते.

यावर कोणी म्हणेल की लांबी म्हणजे गुणवत्ता नव्हे, आणि छोटे गाणेही बांधीव असू शकते. नक्कीच असू शकते, आणि नऊ मिनिटांची कंटाळवाणी रचनाही सहज निघते. मुद्दा घड्याळाचा नाही, प्रमाणाचा आहे. डेट्रॉइटचे रॉबर्ट हूड यांनी 1994 च्या ‘मिनिमल नेशन’मध्ये मोठा ड्रॉप ठेवलाच नाही; एक हाय-हॅट गेली आणि आली एवढ्यानेही ऐकणारा हलतो, कारण त्याआधी तिची सवय पुरती लावलेली असते. फ्यूचरच्या डीजे पिअर यांनी फोटॉन इंकच्या नावाने काढलेल्या 1991 च्या ‘जनरेट पॉवर’मध्ये पदर इतके सावकाश चढवले की प्रत्येक नवा पदर घटना ठरतो. या दोन्ही रचना नेहमीच्या साच्याबाहेरच्या आहेत, तरी त्यांच्यातली शक्ती त्याच हिशेबातून येते : आधी किती दिले, मग किती रोखले. साचा सोडला तरी हिशेब सुटत नाही. हिशेब सोडून साचा धरला तर मात्र काहीच उरत नाही.

सनबर्न महोत्सव 2007 मध्ये गोव्यात कांदोळीला सुरू झाला आणि 2016 मध्ये पुण्यात आला. आज पुण्या-मुंबईतली मुले लॅपटॉपवर हे संगीत स्वतः रचतात, आणि त्यांच्या हाती लेव्हन किंवा हार्डी यांना स्वप्नातही न दिसलेली साधने आहेत. चढता घोंघाट, कडकडाट, तयार ड्रॉप हे सारे विकत मिळते, फुकटही मिळते. विकत मिळत नाही तो समोरच्या माणसांच्या अंगात ठोका मुरेपर्यंत थांबण्याचा धीर, आणि या संगीताच्या इतिहासात टिकलेले जे काही आहे ते त्या धीरातून आले आहे. म्हणून या तरुण निर्मात्यांना एवढेच सांगणे : ड्रॉप कसा वाजेल याची चिंता शेवटी करा. आधीचा ठेका चार माणसांना समोर नाचवून पाहा, तो त्यांच्या पायांत शिरला आहे याची खात्री करून घ्या, आणि मगच तो काढून घ्या.